पानिपतात अकरा दिवस

पानिपतवर कधी बोलणार, असं तुमच्यापैकी बरेच जण वर्षभर विचारताय. मी टाळत होतो. एक तर पानिपतवर मराठीत एवढं लिहिलं आणि बोललं गेलंय की त्यात आपण काय भर घालणार? आणि दुसरं म्हणजे, मी फौजेत ३२ वर्षं काढली. हरलेल्या लढाईवर आरामखुर्चीत बसून 'भाऊंनी असं करायला हवं होतं' म्हणणारी माणसं मला कधीच आवडली नाहीत. त्यातलाच एक व्हायचं नव्हतं.

तरी गेलो. ठरवलं होतं असं, की दोन दिवस जायचं, जमीन पायांखालून घालायची, चार ठिकाणी कॅमेरा लावायचा आणि लढाईचा एक भाग करून परत यायचं. राहिलो अकरा दिवस. लढाईवरचा भाग काही झाला नाही. झाला तो हा. आज मी तुम्हांला पानिपतच्या शेतात मिळालेल्या शांततेबद्दल सांगणार आहे, आणि तिथून लेखणी हातात घेतलेल्या तीन माणसांबद्दल. पानिपत आणि शांतता? पुण्यात माझ्या एका मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, 'रिटायर झाल्यावर डोकं फिरलं वाटतं तुझं.'

आपल्या भाषेत पानिपत हे गावाचं नाव उरलेलंच नाही. धंद्यात खोट आली, पानिपत. निवडणूक हरला, पानिपत. 'विश्वास गेला पानिपतात' आणि 'संक्रांत कोसळली' हे तर आपल्या तोंडातच बसलंय. (जाता जाता सांगतो, लढाई १४ जानेवारी १७६१ ला झाली, पौष शुद्ध अष्टमीला. त्या काळी संक्रांत आजच्यापेक्षा तीन-चार दिवस आधी यायची. म्हणजे लढाईच्या दिवशी ती होऊन गेलेली होती. पण म्हणी पंचांग बघून होत नाहीत.)

आणि गाव तर तिथंच आहे. दिल्लीपासून ९० किलोमीटर, जीटी रोडवर. आता एनसीआरमध्ये मोडतं. घोंगड्या, सतरंज्या, पडदे, जुन्या लोकरीच्या कपड्यांपासून पुन्हा सूत काढणारे कारखाने, रिफायनरी, आणि रस्त्यावर ट्रकच ट्रक. शहर बघून कुणालाही शांत वाटणार नाही, मलाही वाटलं नाही. पण शहर ओलांडून आत वळलं की दहा मिनिटांत गहू लागतो.

माझ्या पलटणीतले एक सुभेदार साहेब काला आंबच्या बाजूच्या एका गावात शेती करतात. त्यांच्या घरी उतरलो. हरियाणात घराच्या पुढच्या अंगाला पुरुषांची बसायची स्वतंत्र खोली असते, तिला बैठक म्हणतात. दोन खाटा, एक हुक्का, भिंतीवर पलटणीचा फोटो. त्या बैठकीत माझा मुक्काम.

पहिल्या सकाळी धुक्यामुळं काही दिसेना. दहा वाजता धुकं वर गेलं आणि समोर जमीन उघडली. आता फौजी माणूस जमीन बघतो ती वेगळी बघतो. मी सवयीनं उंचवटा शोधू लागलो. उंचवटाच नाही. टेकडी नाही, खिंड नाही, आडोसा नाही. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला इथं पाठ टेकायला काही मिळत नाही. पूर्वेला काही कोसांवर यमुना, आणि बाकी सगळीकडं ताटासारखी सपाट जमीन. पुस्तकात नकाशा शंभरदा बघितला होता, पण तिथं उभं राहिल्यावर पोटात जे झालं ते नकाशात नव्हतं.

थोडक्यात परिस्थिती सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. ऑक्टोबर १७६० मध्ये मराठ्यांनी कुंजपुरा घेतला, तिथून कुरुक्षेत्राकडं निघाले. फौजेबरोबर यात्रेकरू होते, बायका होत्या. तेवढ्यात अब्दालीनं बागपतजवळ यमुना ओलांडली. भाऊ माघारी वळले आणि पानिपतला खंदक खणून बसले. अब्दाली दक्षिणेला, म्हणजे मराठे आणि दिल्ली यांच्या मधे. दक्षिणेतून आलेली फौज दक्षिणेकडंच तोंड करून लढायला उभी. घर शत्रूच्या पाठीमागं. ७ डिसेंबरला बळवंतराव मेहेंदळे पडले. त्याच महिन्यात रसद गोळा करणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि दाणा-वैरण आटली. अडीच महिने ही माणसं त्या सपाट जमिनीवर बसून होती. शेवटी उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू म्हणून बाहेर पडली.

लढाईची वर्णनं तुम्ही वाचलेली आहेत. मला मात्र नेहमी ते अडीच महिने जास्त छळतात. मी पहाडात बर्फात अडकलेल्या चौकीवर राहिलोय. गोळीबार चालू असला की माणूस कामात असतो. भूक लागली, रसद आली नाही, आणि करायला काही नाही, अशा वेळी जवानाच्या डोळ्यांत जे दिसतं ते वाईट असतं.

असो. भुकेवर मी परत येणार आहे.

दुसऱ्या दिवशी काला आंबला गेलो. शहरापासून सुमारे आठ किलोमीटर. विटांचा स्तंभ, त्यात लोखंडी दांडा, बाजूला बाग. सांगतात ते असं की इथं आंब्याचं झाड होतं, सांडलेल्या रक्तानं त्याची पानं काळवंडली. झाड पुढं वाळलं, त्याच्या लाकडाचे दरवाजे केले, ते आता पानिपतच्या संग्रहालयात आहेत. १४ जानेवारीला इथं शौर्य दिवस होतो, महाराष्ट्रातून गाड्या भरून लोक येतात, घोषणा होतात. मी गेलो तेव्हा गर्दी होऊन गेलेली होती. एक माळी पाइपनं पाणी घालत होता. कडेला हिरवा गहू, मधूनच मोहरीचा पिवळा पट्टा, आणि एक मोर निवांत चालत शेतात उतरला.

खरं सांगतो, मला राग आला. इथं आपली एक पिढी कापली गेली आणि हे शेत इतकं शांत कसं असू शकतं? शांततेबद्दल फौजी माणसाला तसाही संशय असतो. चौकीवर सगळं एकदम शांत झालं की आम्ही झोपत नाही, उठून बसतो. त्या रात्री बैठकीत मला झोप आली नाही.

सुभेदार साहेबांना सकाळी हे बोललो. ते चहा ओतत म्हणाले, 'साब, जमीन को क्या पता कौन जीत्या, कौन हारा। उसने तो पानी चाहिए।' आणि मला घेऊन ट्यूबवेलवर गेले, कारण त्यांच्या गव्हाला पाणी द्यायची पाळी होती. मग मीही फावडं घेतलं. वाफ्याचं तोंड फोडायचं, वाफा भरला की बुजवायचं, पुढचं फोडायचं. चार तास. फौजेतून निवृत्त झाल्यावर चार तास एकाच कामात गेले आणि मोबाइल बघितला नाही, असं पहिल्यांदा झालं.

इथं दोन शब्द रोड समाजाबद्दल, कारण तुम्ही विचारणार. पानिपत, कर्नाल, कुरुक्षेत्र या भागात हा शेतकरी समाज आहे. त्यांच्यातले अनेक जण आज स्वतःला पानिपतातून मागं राहिलेल्या मराठ्यांचे वंशज मानतात. कोल्हापूरचे डॉ. वसंतराव मोरे यांनी हा विचार हिरिरीनं मांडला. २०१८ मध्ये आलेल्या एका जनुकीय अभ्यासानं मात्र या समाजाची मुळं वायव्येकडची आणि बरीच जुनी दाखवली. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून माझा कल दुसऱ्या बाजूला आहे. पण त्या गावातल्या एका म्हाताऱ्यानं माझं नाव-गाव ऐकून माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि 'अपणा ही बालक सै' म्हणाला, तेव्हा सहासष्टाव्या वर्षी मी बालक झालो आणि जनुकं वगैरे काही काढली नाहीत.

आता त्या तीन माणसांकडं वळतो.

पहिला बाबर. हो, बाबरच. एप्रिल १५२६ मध्ये याच मैदानात त्यानं इब्राहिम लोदीला हरवलं. त्याचं आत्मचरित्र वाचलेल्यांना ठाऊक आहे की तो लढायांचं वर्णन करता करता मधेच टरबुजांकडं वळतो. पानिपत जिंकून आग्र्याला पोचल्यावर त्यानं हिंदुस्थानचं जे वर्णन लिहिलं त्यात तक्रारींची एक यादी आहे. इथं चांगले घोडे नाहीत, द्राक्षं नाहीत, बर्फ नाही, गार पाणी नाही, बागांना वाहतं पाणी नाही. आणि त्याच वर्णनात हाच माणूस आंबा, मोर, पोपट, गेंडा असं एकेक घेऊन बसतो. पक्ष्याची चोच कशी, पिसाचा रंग कुठं बदलतो, हे बारकाईनं लिहितो. यमुनेकाठी बाग आखायला घेतो. पानिपतात त्याची काबुली बाग मशीद अजून उभी आहे. नावात बाग आहे, प्रत्यक्ष बाग मात्र आता तशी उरलेली नाही. मी पाऊण तास तिथं बसलो. बाबरबद्दल मला प्रेम वाटावं असं काही नाही. पण जिंकलेल्या सेनापतीला गार पाण्याची आठवण यावी, हे मला समजलं. लढाईनंतर माणसाला काय हवं असतं? पाणी हवं असतं, सावली हवी असते, आणि कुणी ओरडू नये असं वाटत असतं.

दुसरा माणूस आपला. तो जिंकलेला नव्हता. त्याच्यावर मी जास्त वेळ घेणार आहे.

बाळाजी जनार्दन भानू, म्हणजे नाना फडणीस. आपल्या डोळ्यांसमोर येतो तो साडेतीन शहाण्यांतला, किडकिडीत, कारस्थानी, बारभाईंचा सूत्रधार. जन्म १२ फेब्रुवारी १७४२. म्हणजे पानिपतच्या दिवशी त्याला एकोणीस पुरे व्हायला महिनाभर होता. या वयाचे पोरगे माझ्याकडं भरतीला यायचे. नाना लढवय्या म्हणून गेलाच नव्हता. आई आणि पत्नी बरोबर होत्या. उत्तरेत जायचं म्हणजे यात्रा घडणार, हे फौजेबरोबर गेलेल्या कित्येक कुटुंबांच्या मनात होतं, त्यांतलंच हे एक. डिसेंबरात पडलेले बळवंतराव मेहेंदळे हे त्याचे मामा.

नानानं तरुणपणी एक छोटं आत्मचरित्र लिहिलं. त्यात पानिपतापर्यंतचा आणि त्यानंतरच्या थोड्याच काळाचा वृत्तांत आहे. जॉन ब्रिग्जनं त्याचं इंग्रजी भाषांतर १८२९ मध्ये छापलं, एवढं ते महत्त्वाचं मानलं गेलं. मी बरोबर नेलेल्या चार पुस्तकांत ते होतं. लढाईच्या नकाशांची पुस्तकं मी पहिल्या दिवसानंतर उघडली नाहीत. हे मात्र बैठकीत कंदिलाच्या उजेडात तीनदा वाचलं. (कंदील म्हणजे रात्री दोन तास लाइट जायची.)

आधुनिक काळात मोठी माणसं आत्मचरित्र लिहितात ती बहुतेक स्वतःची वकिली असते. या पोरानं तसं केलेलं नाही. तो सुरुवात करतो आत्मा, परमात्मा आणि देह यांच्यापासून. लहानपणी देवपूजेचा नाद होता ते सांगतो. तारुण्यात मन कुठं कुठं भरकटलं तेही लपवत नाही. आणि मग पानिपत. संध्याकाळ होते, फौज मोडते, सगळे वाट फुटेल तिकडं पळतात. तोही पळतो. अंगावरची वस्त्रं टाकून, लंगोटीवर, पश्चिमेकडं. शत्रूचे स्वार मागावर आहेत, सोबतच्यांपैकी काहींवर वार होतात, हा उंच गवतात लपतो. खायला काही नाही म्हणून झाडाचा पाला खातो. पुढं रेवाडीकडून तो निसटला. पत्नी वाचली, नंतर भेटली. आई परत आली नाही.

हे सगळं त्यानं लिहून ठेवलं. मी पळालो, मी लपलो, मी पाला खाल्ला, माझी आई मागं राहिली. पुढं ज्यानं पंचवीसेक वर्षं पेशवाईचा गाडा ओढला, त्याला हे झाकता आलं असतं. तेव्हा सांगणारं कोण उरलं होतं? माझ्या फौजेतल्या वर्षांत मी शेकडो रिपोर्ट वाचले आणि लिहिले. 'मी घाबरलो' हे वाक्य मी एकाही रिपोर्टात वाचलेलं नाही. स्वतः तर लिहिलेलं नाहीच.

पाचव्या दिवशी मी सुभेदार साहेबांच्या शेताच्या पश्चिम कडेला जाऊन उभा राहिलो. संध्याकाळ होती. एका बाजूला ऊस उभा, बांधावर माझ्या कमरेएवढं गवत. लांबून जीटी रोडवरच्या ट्रकांचा आवाज, त्याहून जवळ पाण्याची मोटर. वारा फिरला की शहरातल्या रंगाई कारखान्यांचं पाणी वाहून नेणाऱ्या नाल्याचा वास यायचा. म्हणजे पोस्टकार्डावरचं खेडं नव्हे ते. तरी शांत होतं. आणि मला वाटलं, लपणाऱ्याला हेच गवत दिसलं असेल, अगदी डोळ्यांजवळून. त्या पोराचा जीव या शेतांनी राखला. पहिल्या दिवशी मला ज्या गोष्टीचा राग आला होता तीच ही गोष्ट. जमीन कुणाची बाजू घेत नाही. लपायला आलेल्यालाही ती नाही म्हणत नाही.

नाना पुढं काय झाला ते तुम्हांला माहीत आहे. पण १७६८ च्या सुमारास त्याला वाईजवळचं मेणवली हे गाव मिळालं आणि तिथं कृष्णेकाठी त्यानं घाट, मेणेश्वराचं देऊळ, विष्णूचं देऊळ आणि सहा चौकांचा वाडा उभा केला. वसईच्या मोहिमेतून आलेली १७०७ सालची मोठी घंटा तिथं टांगलेली आहे. तुम्ही 'स्वदेस' बघितला असेल, त्यातला तो घाट. पुण्यातलं राजकारण एका बाजूला आणि नदीकाठचं हे गाव दुसऱ्या बाजूला, असं त्याचं आयुष्य. या वाड्यात त्यानं कागद जपले. पुढं मेणवलीचं दफ्तर म्हणून ते अभ्यासकांच्या हाती आलं आणि मराठ्यांच्या इतिहासाचा केवढा तरी भाग त्यातून उजेडात आला. जिऊबाई, त्याची शेवटची पत्नी, नंतर तिथंच राहिली. नाना गेला १३ मार्च १८०० ला.

नाना मेणवलीच्या पायऱ्यांवर बसून पानिपत आठवत असेल का? कागदाचा पुरावा माझ्याकडं नाही, म्हणून मी तसं म्हणणार नाही. एवढंच म्हणतो की ज्या माणसानं एकदा गवतात लपून रात्र काढली, त्यानं पुढं हातात पैसा आल्यावर देवळाभोवती झाडं आणि नदीला पायऱ्या बांधल्या. पुण्यातल्या त्याच्या विष्णूच्या देवळाचं नावही बेलबाग.

महादजींनाही विसरता येणार नाही. पाय कायमचा अधू झाला, राणेखान नावाच्या पखालवाल्यानं वाचवलं, आणि पुढं दिल्लीवर वचक बसवणारा हा सरदार कृष्णभक्तीची पदं रचत बसायचा. बांद्याच्या सोहिरोबांशी त्यांची गाठ पडली ती कथा मागच्या एका भागात सांगितली आहे. मी राहतो वानवडीत, त्यांच्या छत्रीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. महादजी गेले १२ फेब्रुवारी १७९४ ला, नानाच्या जन्मतारखेला. या दोघांचं आयुष्यभर जमलं नाही, तारीख मात्र एकच निघाली.

तिसरा माणूस पानिपतचाच, अल्ताफ हुसेन हाली. जन्म १८३७. मराठी वाचकांना त्याची ओळख कमी, म्हणून सांगतो. १८५७ च्या धामधुमीत हा हिसारला सरकारी नोकरीत होता. जीव मुठीत धरून पानिपतला घरी परतला, वाटेत लुटला गेला, आजारी पडला. नानानंतर शंभर वर्षांनी, त्याच मुलखात, पुन्हा एक विशीतला मुलगा जीव वाचवत चाललेला. पुढं हाली लाहोरला गेला. तिथं १८७४ मध्ये एक वेगळाच मुशायरा सुरू झाला. शिक्षण खात्याचा एक कर्नल हॉलरॉइड आणि मुहम्मद हुसेन आझाद यांनी ठरवलं की गझलेची ओळ द्यायची नाही, विषय द्यायचा. पाऊस, आशा, असे विषय. हालीनं पावसावर 'बरखा रुत' लिहिली. उन्हाळ्यानं कावलेली जमीन, मग पहिला पाऊस, मग माणसं, जनावरं, पाखरं. उर्दू कवितेला साकी आणि परवान्याकडून शेताकडं वळवणाऱ्यांत हा पुढं होता. १८९३ मध्ये त्यानं कवितेवर एक मोठा ग्रंथच लिहिला आणि त्यात साधेपणाची, खरं बोलण्याची बाजू घेतली. हैदराबाद संस्थानचं पेन्शन मिळाल्यावर तो पानिपतला येऊन राहिला आणि १९१४ च्या शेवटच्या दिवशी तिथंच गेला. बू अली शाह कलंदरच्या दर्ग्यात त्याची कबर आहे. मी गेलो तेव्हा एक बाई कबरीजवळ बसून मुलाचा अभ्यास घेत होत्या, पाढे चालले होते.

आता माझं. हे सांगायचं की नाही यावर मी फार विचार केला. पण नानाचं पुस्तक तुमच्यासमोर वाखाणायचं आणि स्वतः गप्प बसायचं, हे बरं दिसत नाही.

१९९६ मध्ये मी मेजर होतो, काश्मीरमध्ये, कंपनी माझ्याकडं होती. एका पहाटे खबर आली. मी गस्त बाहेर काढली. लंगरमध्ये चहा-पुरी तयार व्हायला वीस मिनिटं होती. थांबलो नाही. मला वाटलं वीस मिनिटांत ते निसटतील. पहिल्याच चकमकीत माझा एक जवान गेला. कोल्हापूर जिल्ह्यातला, बावीस वर्षांचा. नाव सांगत नाही. घरी जे पत्र जातं ते मीच लिहिलं. शौर्य, कर्तव्य, पलटणीला अभिमान. चार ओळी.

महिन्यानं त्याच्या वडिलांचं पत्र आलं. शेतकरी माणूस, वहीच्या कागदावर, मोठ्या अक्षरात. त्यात तक्रार नव्हती. एकच विचारलं होतं: साहेब, त्या दिवशी तो जेवून गेला होता का?

मी उत्तर दिलं नाही. उत्तर 'नाही' होतं, आणि ते माझ्यामुळं नाही होतं. बदली झाली, बढती झाली, घरं बदलली. ते पत्र प्रत्येक ट्रंकेत माझ्याबरोबर फिरलं. निवृत्तीनंतर ही मालिका सुरू केली, लोकांच्या लढायांवर तासन्‌तास बोललो. त्या एका ओळीचं उत्तर काही लिहून झालं नाही.

दहाव्या दिवशी, सकाळी पाणी देऊन झाल्यावर, सुभेदार साहेबांच्या सूनबाईंनी शेतावर बाजरीची भाकरी, बथुआचा रायता आणि ताज्या गुळाचा खडा पाठवला. बांधावर बसून जेवलो. हात धुतले. बैठकीत आलो आणि लिहायला बसलो. सहा पानं झाली. तो जेवला नव्हता. लंगर व्हायला वीस मिनिटं होती, घाई मी केली. आदल्या रात्री मात्र पोटभर जेवला होता, राजमा-भात होता, आणि दोनदा मागून घेतला होता. मलाही भीती वाटली होती. तो शेवटचं काय बोलला तेही लिहिलं, ते इथं सांगत नाही, ते त्यांचं आहे. अकराव्या दिवशी निघताना पानिपतच्या पोस्टातून रजिस्टर केलं. खिडकीवरच्या मुलीनं पत्ता वाचून विचारलं, 'अंकल, महाराष्ट्र?' म्हटलं हो.

तीन आठवड्यांनी एका सकाळी फोन आला. त्याचा धाकटा भाऊ. आता तोच पन्नाशीकडं झुकलाय. म्हणाला, 'साहेब, आबा २०११ ला गेले. आई आहे. पत्र वाचून दाखवलं.' मग बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. मग तो म्हणाला, 'आई म्हणतीया, साहेबांना जेवायला यायला सांग.'

पुढच्या महिन्यात जातोय. सुरूर फाट्यावरून आत वळलं की वाई, आणि पुढं मेणवली. जाताना तासभर घाटावर थांबेन म्हणतो. कॅमेरा नेणार नाही.